जाई कुणी लावली

तुम्ही दोघांनी विचारलंत की त्या व्हिडिओत शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली बाई मीच का. मीच. पर्स तशी का धरली होती तेही सांगते, पण क्रमाने. गोष्ट मध्येच सुरू केली की बिघडते, आणि या गोष्टीत मी आधीच एक बिघाड करून ठेवलेला आहे.

तुमचे आजोबा गेल्यानंतर मागची खोली मी भाड्याने देते, हे तुम्हाला माहीत आहे. मुलगीच हवी आणि मराठी असेल तर बरं, एवढीच माझी अट. दीड वर्षापूर्वी जी आली ती पुण्याची, गुरुग्रामला आयटी कंपनीत नोकरी करणारी. मी तिचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलं. शिवाय तिच्या आधार कार्डावरच्या पत्त्यावर माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला पाठवलं. मैत्रीण फोनवर म्हणाली, "घर आहे, आई आहे, आईने मला पोहे दिले. अजून काय बघू?" मी म्हटलं, एवढं पुरे.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. साडेसातला घरात, स्वतःचं ताट स्वतः घासणार, गीझर बंद करणार. मग मला काही गोष्टी दिसायला लागल्या. एका शनिवारी ती लांबलचक काळी पिशवी खांद्याला लावून गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. पुढच्या शनिवारी रिकामी गेली, पिशवी घेऊन आली. मग एकदा आमच्या कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याने मला हटकलं. "आंटी जी, आपकी किरायेदार अंडे नहीं लेती, खाली ट्रे माँगती है."

मी तिला चहाच्या वेळी सरळ विचारलं.

"भिंतीला लावायला, आजी," ती म्हणाली.

"माझ्या?"

"नाही हो. मुनिरकाला. आमची प्रॅक्टिसची खोली आहे. आवाज बाहेर जायला नको म्हणून."

आवाज बाहेर जायला नको, म्हणून कुणी भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतं, हे ऐकून माझा संशय कमी होण्याचं काही कारण नव्हतं. आत काय चालतं ते बाहेर ऐकू जाऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांच्याबद्दल मी चाळीस वर्षं सरकारी नोकरीत बरंच ऐकलेलं आहे. पण ती म्हणाली की त्यांचा बँड आहे, तिघांचा. ती गाते आणि गिटार वाजवते. ड्रम वाजवणारा मुलगा मणिपूरचा, जवळच्या विद्यापीठात पीएचडी करतो. तिसरा दिल्लीतल्याच रोहिणी भागातला. त्याच्या वडिलांची समजूत आहे की तो शनिवारी कोचिंग क्लासला जातो.

"म्हणजे तो खोटं बोलतो," मी म्हटलं.

"वडिलांनी विचारलंच नाही कधी," ती म्हणाली.

हे मी डोक्यात नोंदवून ठेवलं.

आता भोंडल्याचं सांगायला हवं, कारण तुम्ही तो कधी पाहिलेला नाही. नवरात्राच्या दिवसांत पाटावर हत्ती काढायचा, पाट मधे ठेवायचा आणि बायका-मुलींनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची. शेवटी डब्यात झाकलेली खिरापत काय आहे ते ओळखायचं, आणि ओळखल्यावरच खायची. आमच्या कॉलनीत चार-पाच मराठी घरं आहेत, बहुतेक केंद्र सरकारातली. दर वर्षी एका दुपारी आम्ही माझ्या हॉलमध्ये सोफा सरकवून हे करतो. आता गुडघ्यांमुळे दोघी खुर्चीवर बसून फेर धरतात, म्हणजे नुसते हात हलवतात. लहान मुली हिंदीत विचारतात, "ये हाथी क्यों है?" आणि त्यांच्या आया म्हणतात, "चलो, गोल घूमो."

एका गाण्याच्या शेवटी मी आमच्या घरचं कडवं म्हणते. गाणं सगळ्यांचं, पण ते कडवं माझ्या आईने केलेलं. सांगलीला आमच्या भाड्याच्या घराच्या दाराशी जाईचा वेल होता, तो माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे तुमच्या मावशीआजीने, पाच वर्षांची असताना लावला. कुणाच्या तरी कुंपणातून काडी मोडून आणली आणि खोचली, आणि ती जगली. आईने त्यावर दोन ओळी केल्या आणि दर भोंडल्याला त्या म्हटल्या जायच्या.

दारची जाई कुणी गं लावली
कुणी गं लावली, धाकटीनं लावली

एवढंच आहे. त्यात काव्य वगैरे काही नाही. मी दहा वर्षांची असताना मला पुण्याला आत्याकडे इंग्रजी शाळेत घातलं. तेव्हापासून मी सुटीपुरती सांगलीला जायची आणि भोंडला नेमका सुटीत यायचा नाही. धाकटी मात्र आईजवळच राहिली, लग्न होईपर्यंत. माझ्या वाट्याला शाळा, नवा युनिफॉर्म, पुढे दिल्लीची नोकरी आली. तिच्या वाट्याला ही जाई आली. हे मी आता लिहिते आहे तितकं स्पष्ट तेव्हा माझ्या मनात नव्हतं.

त्या वर्षीच्या भोंडल्याला माझी भाडेकरू मुलगीही फेरात होती. माझं कडवं ऐकल्यावर तिने थांबून फोन काढला.

"आजी, हे मी कधी ऐकलं नाही. परत म्हणाल?"

"आधी खिरापत ओळख."

"ढोकळा. परत म्हणाल?"

खिरापत ढोकळाच होती. तिने झाकण न उघडता पहिल्याच फटक्याला ओळखली, हेही मला बरं वाटलं नाही. आणि त्या सगळ्या गलक्यात तिला कडवं नीट ऐकूही आलं नव्हतं, रेकॉर्डिंगवर नुसत्या बांगड्या आणि "गोल घूमो" आलं होतं. दोन दिवसांनी ती बाकीच्या दोघांना घेऊन आली. तिघांनी चपला बाहेर ओळीत काढल्या, मणिपूरच्या मुलाने मला वाकून नमस्कार केला, आणि माझ्यासमोर टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं. त्यांना ते गाणं बँडसाठी बसवायचं होतं, शेवटच्या कडव्यासकट.

"नाव कुणाचं लागणार?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बघू ना आजी," मुलगी म्हणाली. "अजून ठरलं नाही."

कॉलनीतल्या एका बाईंनी मला सांगितलेलं होतं की हल्ली बँडवाले गावागावांतली गाणी उचलतात आणि स्वतःची म्हणून नोंदवून टाकतात. 'अजून ठरलं नाही' हे वाक्य मी मंत्रालयात फार वेळा टाइप केलेलं आहे. ते ठरलेलं असतानाच लिहितात.

तिथेच मला माझे जुने साहेब आठवले. आमच्याकडे एकदा एका गोपनीय मसुद्यातली माहिती वर्तमानपत्रात आली. पुढच्या मसुद्याच्या वेळी साहेबांनी मला चार प्रती वेगवेगळ्या टाइप करायला सांगितल्या आणि प्रत्येक प्रतीत एकच शब्द बदलायला लावला. कुठे 'शीघ्र', कुठे 'त्वरित'. मग छापून आलं तेव्हा शब्द पाहिला आणि ती कुणाची प्रत ते समजलं. माणूस निवृत्तीला दोन वर्षं असलेला, अतिशय सज्जन दिसणारा होता. तेव्हापासून सज्जन दिसण्यावर माझा भरवसा नाही.

मी घसा साफ केला आणि त्या यंत्रात म्हटलं, "थोरलीनं लावली."

एकच शब्द. उद्या यांनी हे स्वतःचं म्हणून कुठे लावलं, तर मला दाखवता आलं असतं की हे माझ्या तोंडून गेलेलं आहे. जगात दुसरं कुणीच ते तसं म्हणत नाही. काम नीट झालं असं वाटून मी तिघांना उरलेला ढोकळाही दिला.

तीन महिन्यांनी मुलीने मला कार्यक्रमाला बोलावलं. रविवारी दुपारी चार वाजता, शाहपूर जाटमधल्या एका तळघरात. तळघर म्हटल्यावर मी आधी 'नाही' म्हटलं. मग वाटलं, सापळा लावल्यावर बघायला नको का. मेट्रोने गेले. दारावर एका मुलीने माझा हात धरून मनगटावर शिक्का मारला, निळा, माशाच्या आकाराचा.

"ये क्यों?"

"अंदर-बाहर जाने के लिए, दादी."

"मी बाहेर जाणारच नाही आहे," मी मराठीत म्हटलं, कारण मला राग आला की मी मराठीत बोलते. तो मासा चार दिवस निघाला नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसवर एका ओळखीच्यांना भेटायला गेले तेव्हा मी बाही खाली ओढून बसले होते.

आत साठ-सत्तर मुलं जमिनीवर बसलेली. मला एकटीला खुर्ची आणून दिली, म्हणून मी शेवटी बसले. माझ्या मागे भिंत असावी असा माझा आग्रह होता. पर्स मांडीवर घेतली ती तेव्हा.

मी सगळं बारकाईने पाहिलं. तीन बँड होते आणि ड्रमचा संच एकच. तो पहिल्या बँडचा होता आणि त्यांनी तो बाकीच्या दोघांना वापरू दिला. प्रत्येक ड्रमवाला फक्त स्वतःच्या पितळी थाळ्या पिशवीतून आणायचा, स्क्रूने चढवायचा आणि वाजवून झाल्यावर काढून न्यायचा. ज्यांच्याशी स्पर्धा आहे त्यांना स्वतःची वस्तू कुणी कशी देतं, याचं कारण मी बराच वेळ शोधत होते. सापडलं नाही. पहिला बँड गढवाली गाणी म्हणणाऱ्या दोन भावांचा होता. त्यांची तार तुटली तर दुसऱ्या बँडमधल्या मुलाने उठून न विचारता आपली गिटार त्यांच्या हातात दिली. जमिनीवर, गाणाऱ्याच्या पायाशी, चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. त्यावर गाण्यांचा क्रम होता. त्या क्रमाने ते गेले, एकही गाणं पुढे-मागे झालं नाही, आणि दिलेल्या वेळेत प्रत्येक जण उतरला. मंत्रालयातल्या एकाही बैठकीबद्दल मी असं लिहू शकणार नाही.

आमच्याकडची मुलगी शेवटच्या बँडची. तिने गिटार लावली आणि आधी हिंदीत, मग मराठीत बोलली.

"हे गाणं आमचं नाही. ज्यांच्या घरी मी राहते त्या आजींचं आहे, आणि शेवटचं कडवं त्यांच्या आईंनी केलेलं. आम्ही उसनं घेतलं आहे. आजी मागे बसल्या आहेत, वळून बघू नका, त्यांना आवडणार नाही."

सगळे वळले.

मला वाटलं, मी इथे आहे म्हणून ही असं म्हणते आहे. मग गाणं सुरू झालं. मणिपूरच्या मुलाने ड्रम नुसत्या बोटांनी वाजवले, त्यामुळे ते पायांचे आवाज वाटत होते, म्हणजे फेर धरल्यावर फरशीवर येतात तसे. कडवं आलं तेव्हा तिने प्रश्न म्हटला आणि माइक समोर धरला, आणि त्या सगळ्या मुलांनी, ज्यांतल्या दहाजणांना तरी मराठी येत असेल की नाही कोण जाणे, उत्तर दिलं.

थोरलीनं लावली.

परत परत. टाळ्या वाजवून. समोर एक सरदार मुलगा डोळे मिटून म्हणत होता. माझ्या सापळ्यात कुणीच अडकलं नव्हतं आणि माझा खोटा शब्द साठ तोंडांतून बाहेर पडत होता. मी पर्स अजून घट्ट धरली. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलात तो याच वेळचा.

तुम्ही तो घरच्या ग्रुपवर टाकलात. तुमचा दोष नाही, तुम्हाला काय माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सांगलीहून फोन.

"ताई, जाई कुणी लावली होती?"

"अगं, ते जरा चुकून..."

"तू चुकत नाहीस."

"वय झालं आता."

"तुझं वय झालं तेव्हाही तू चुकली नाहीस. तू चुकतेस ती ठरवून." मग म्हणाली, "आईच्या सगळ्या गाण्यांत माझं एवढं एकच आहे, ताई. तेही तुला पाहिजे होतं?"

मी साहेबांची, चार प्रतींची गोष्ट सांगायला लागले. तिने अर्ध्यावर फोन ठेवला. नंतर मी तीनदा केला, तिच्या सुनेने उचलला. "आई देवळात गेल्यात." तिन्ही वेळा देवळात. रोज सकाळी तिच्याकडून येणारं फुलांचं चित्रही थांबलं. त्या चित्रांना मी आठ वर्षं नावं ठेवत होते. आता मी सकाळी उठून फोन बघायची आणि ते नसायचं.

त्याच आठवड्यात मुलीने सांगितलं की शनिवारी मुनिरकाच्या खोलीत रेकॉर्डिंग आहे. चार गाण्यांचा त्यांचा पहिला अल्बम. एकदा झालं की ते सगळीकडे जाणार आणि मग बदलता येणार नाही. गुरुवारी ती ऑफिसातून आली, मी चहा केला, आणि तिला सगळं सांगितलं. सापळा, साहेब, शब्द.

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला वाटलं मी चोरणार."

"हो."

"दीड वर्षं मी तुमच्या घरात राहते."

"म्हणूनच जास्त वाटलं. नाव कुणाचं विचारल्यावर 'ठरलं नाही' म्हणालीस."

"कारण तुमच्या आईंचं नाव मला माहीत नव्हतं, आणि ते विचारलं असतं तर तुम्ही मला त्यांचंही व्हेरिफिकेशन करायला लावलं असतंत."

हे मी खरंच केलं असतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता खरं काय आहे?"

"धाकटीनं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी लोकांकडे तसं बघते. "आणि हे तरी खरं कशावरून, आजी?"

तिचं बरोबर होतं. एकदा खोटी प्रत दिल्यावर दुसरी प्रत खरी आहे, हे देणाऱ्याने सांगून चालत नाही. तिने मावशीआजीचा नंबर मागितला आणि गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन बोलली. वीस मिनिटं. मला दारातून काहीही ऐकू आलं नाही, आणि मी प्रयत्न केला होता. आत येऊन ती म्हणाली, "त्या स्वतः म्हणून दाखवणार आहेत. शनिवारी, फोनवर. मला. तुम्हाला नाही, असं सांगायला सांगितलंय."

"मी येऊ का?"

"याल तर गप्प बसा, असंही सांगायला सांगितलंय."

मुनिरकाची ती खोली चौथ्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने मागे जायचं. भिंतींना खालपासून वरपर्यंत राखाडी ट्रे लावलेले, कोपऱ्यात गाद्या, आणि दार लावल्यावर खाली भाजीवाला ओरडत होता तो एकदम बंद. मणिपूरच्या मुलाने मला बसायला गादी दिली आणि पाठीला उशी. रोहिणीचा मुलगा वायरी जोडत होता. त्याच्या वडिलांनी मागच्या आठवड्यात अखेर विचारलं होतं आणि त्याने अखेर सांगितलं होतं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

फोन माइकसमोर ठेवला. सांगलीहून आवाज आला. "ती आहे का तिथे?"

"आहेत," मुलगी म्हणाली.

"बरं."

मग धाकटीने म्हटलं. तिचा आवाज पंचाहत्तरीचा आहे, वर जाताना फाटतो, पण ताल पक्का. आईसारखाच ती 'कुणी गं' वर थोडं थांबते. मी ते विसरून गेले होते. धाकटीनं लावली, तिने म्हटलं, आणि मी मान हलवली, जणू ती मला बघत होती. आणि मग, सगळ्यांना वाटलं की संपलं, तर ती पुढे गेली.

कळ्या कुणी गं तोडल्या
कुणी गं तोडल्या, थोरलीनं तोडल्या

खोलीत तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही सांगितलं नव्हतंत, आजी," मुलगी म्हणाली.

"मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्याला होते."



मुलांनो, मी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी, पहाटे, कुणी उठायच्या आत, त्या वेलीवरच्या सगळ्या कळ्या मी तोडल्या होत्या आणि मागच्या नाल्यात टाकल्या होत्या. मला घर सोडून जायचं होतं आणि तिला राहायचं होतं, एवढंच कारण. कुणी पाहिलं नाही अशी माझी पासष्टहून अधिक वर्षं खात्री होती. आता दोनच शक्यता उरतात. आईने पाहिलं होतं, मला एका शब्दाने बोलली नाही आणि मी गेल्यावर कडवं केलं. किंवा धाकटीने पाहिलं होतं, आणि हे कडवं तिने त्या गुरुवारच्या फोननंतर, माझ्या एका शब्दाच्या बदल्यात स्वतः केलं.

मी तिला विचारलं. रेकॉर्डिंग झाल्यावर, तिथेच, माइक बंद आहे ना हे दोनदा बघून.

"कळ्यांचं कडवं आईचं का तुझं?"

"तू सांग," ती म्हणाली. "तुला तर कोणती प्रत कुणाची ते ओळखता येतं."

आणि विचारलं, माझ्या डब्यात काय आहे. मी त्या मुलांसाठी डबा नेला होता, ते तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं ओळख. ती म्हणाली, "बेसनाच्या वड्या. तुला दुसरं काही जमत नाही." वड्याच होत्या.

गाणं दोन्ही कडव्यांसकट आलं आहे. खाली आईचं नाव आहे, आणि 'गायन साहाय्य' म्हणून धाकटीचं. सकाळची फुलांची चित्रं पुन्हा सुरू झाली आहेत. परवापासून रोज जाईच्या कळ्या येतात, फुलं नाहीत. ती मुद्दाम पाठवते की तिच्या सुनेच्या फोनमध्ये तेच चित्र आहे, ते मला समजलेलं नाही. तुम्ही तिला फोन कराल तेव्हा सहज विचारून बघा, आणि ती काय म्हणाली ते मला शब्दाला शब्द लिहून कळवा.